लिथुआनियन कादंबरीतलं 'अंग' वाचायचं कसं

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचनगटात आंतानास श्केमाची 'व्हाईट श्राऊड' घेतली आणि दोन रविवार नुसते 'लिफ्ट वर जाते खाली येते म्हणजे सिसिफस' (ग्रीक पुराणातला, तोच तो दगड कायम डोंगरावर ढकलत बसलेला) यातच गेले. अरे बाबांनो, सिसिफसचं नाव लेखकानंच घेतलंय पुस्तकात, त्यात आपण काय शोधून काढलं? तेव्हा ज्यांना ही कादंबरी फिनॉमेनॉलॉजीच्या, म्हणजे अनुभव आतून कसा जगला जातो ते बघणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या, बाजूनं वाचायचीय (एमए-वाले असाल तर सेमिनारलाही चालेल) त्यांच्यासाठी मी कशी वाचली ते सांगतो.

थोडक्यात पुस्तक: मूळ नाव 'बाल्ता द्रोबुले', 1958 साली लंडनला छापलं, कारण लिथुआनियात तेव्हा सोव्हिएत राज्य होतं. इंग्रजी भाषांतर 2018 चं. नायक गार्श्वा, निर्वासित, कवी, आजारी, न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलात लिफ्टमन. श्केमा स्वतः पण अमेरिकेत लिफ्ट चालवायचा, आणि त्याआधी लिथुआनियातल्या कौनास शहरात नाटकात नट होता. हे नट असणं डोक्यात ठेवा, उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे हे त्याला पोटापाण्यासाठी शिकावं लागलेलं.

आता पहिलं म्हणजे तत्त्वज्ञानाचं पुस्तक आधी उघडू नका. पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे देह आडवा येतो तिथे खूण करा. 'त्यानं हात वर केला' याला खूण नको, तिथे हात कामात आहे, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. पण पाय, घाम, मान, धडधड हे अचानक वाक्यात घुसलं की करा.

मग या खुणांवर परत या आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, इथे 'शरीर' आहे का 'अंग'? हुसर्ल, म्हणजे ज्यानं फिनॉमेनॉलॉजी सुरू केली तो, जर्मनमधे दोन शब्द वापरतो, क्योर्पर आणि लाइब, एक म्हणजे टेबलाखुर्चीसारखी वस्तू असलेला देह आणि दुसरा आतून जगलेला. इंग्रजीवाल्यांना यासाठी फार कसरत करावी लागते, आपल्याकडे मात्र रेडी आहे. डॉक्टर तपासतो ते शरीर, तापात मोडून येतं ते अंग. 'शरीरावर काटा आला' असं कोण म्हणतं? उजव्या हातानं डावा हात धरून बघा, एक हात धरतोय आणि एक धरला जातोय, आणि क्षणात उलटही होतं. हे पण हुसर्लचंच उदाहरण, मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञानं पुढे बरंच ताणलं.

मेर्लो-पाँतीचं मुख्य पुस्तक 1945 चं. सगळं वाचायला बसू नका, सवयीबद्दलची पानं तेवढी वाचा. आंधळ्याच्या हातातली काठी त्याच्यासाठी वस्तू राहत नाही, तो काठीच्या टोकाशी जग चाचपतो. आमच्या बागेत पाडेली (नारळ पाडणारा) येतो त्याच्याकडे बघा, माडावर चढताना तो पायाकडे बघत नाही, वर नारळ कुठला तयार झालाय ते बघतो आणि खाली उभ्या माझ्याशी दरावरून हुज्जत पण चालू असते. याला आपण अंगवळणी पडणं म्हणतो आणि मेर्लो-पाँतीचं म्हणणं मला तरी तेवढ्या एका शब्दात कळलं. गार्श्वाला लिफ्ट अशीच अंगवळणी पडलीय, फक्त गोची अशी की त्यात त्याचं जग मोठं होत नाही, बटणं आणि मजले एवढंच उरतं.

याच्या पुढचं मला मडगाव बसमधे सुचलं. उभ्यानं प्रवास, कंडक्टर 'फाटीं सर, फाटीं सर' (मागे सरका) करतोय, माझी बॅग पोटाशी, कोपर बरगडीला चिकटवलेलं, पाठीमागच्या माणसाचा भिजका रेनकोट मानेला लागतोय आणि मी श्वाससुद्धा अर्धाच घेतोय. अंग चोरून उभा. लिफ्टमन दिवसभर हेच करतो. गिऱ्हाईक आत येतं, त्याला गणवेश दिसतो, माणूस दिसलाच पाहिजे असं काही नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र ज्याला दुसऱ्याची नजर म्हणतो (कोणी बघितलं की आपण त्याच्यासाठी वस्तू होतो) ती इथे उलटी लागू करून बघा, कोणी बघतच नाही तेव्हा अंगाचं काय होतं? सेमिनारला यावर पाच पानं सहज निघतील.

एक सापळा आहे, त्यात मी पडलो होतो. कादंबरीत कामाचा दिवस तृतीय पुरुषात आहे आणि मधे मधे गार्श्वाच्या वह्यांतले भाग 'मी' म्हणून. म्हटलं वा, वह्या म्हणजे अंग, हॉटेल म्हणजे शरीर, झाला निबंध! नाही होत. तृतीय पुरुषातली वाक्यं हळूच त्याच्या डोक्यात घसरतात आणि आपण कधी आत गेलो ते समजत नाही. ती घसरायची जागा समासात मांडा, माझ्या मते खरा माल तिथेच आहे.

लेविनास हा तत्त्वज्ञ घ्यायचा का? घ्या, तो 1906 साली कौनासलाच जन्मला, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता आणि 1947 च्या पुस्तकात थकवा आणि निद्रानाश यांवर त्यानं लिहिलंय. थकलेला माणूस स्वतःच्याच मागे पडतो, असं काहीसं. शिफ्टच्या शेवटी गार्श्वाकडे बघायला हे कामाचं आहे. पण एकाच गावाचा धागा दिसला म्हणून दोघांची गाठ मारू नका, श्केमानं लेविनास वाचला होता असं काही माझं म्हणणं नाही.

आणि प्लीज, रोगनिदान करू नका. आमच्या गटात एकानं मोबाईलवर लक्षणं शोधून गार्श्वाला कुठला आजार ते जाहीर केलं, त्यानंतर कोणालाच बोलायला काही उरलं नाही. नाव मिळालं की परत शरीर झालं, अंग गेलं.

शेवटी एक चॅप्टर उभ्यानं वाचा, टेकायचं नाही, मोठ्यानं. मी घरीच वाचला, लाइट गेलेली, पंखा बंद, बाहेर पाऊस. विसाव्या मिनिटाला पोटऱ्या बोलायला लागल्या आणि मी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, वाचनात खंड न पाडता. खाली बघितलं तर त्याच ओळीला आधीची पेन्सिलची खूण होती.