गोदेचं पाणी तपासायचं तर उजाडायच्या आत जा

दुपारी बाराला नाशिकच्या रामकुंडावर जाऊन पाणी तपासणारे बरेच दिसतात. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा त्यांचा आकडा नेहमी चांगला येतो. येणारच! उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असतं. रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं आणि सूर्य उगवण्याच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे मरतात तेही बहुधा याच वेळी.

जागा तीन पुरतात: सोमेश्वर, टाळकुटेश्वर पूल आणि दसक घाट. एकदा ठरवल्या की बदलायच्या नाहीत. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलेलं असेल तर वहीत तसं ठळक लिहा. त्या दिवशी घाण पातळ होते, कमी होत नाही.

माझी उभी हयात कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे रंगपट्टीवाल्या किटवर माझा जीव बसत नाही. मी विरघळलेला प्राणवायू रसायनांनी मोजायची विंकलर पद्धतच वापरतो. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळूहळू भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. लगेच मँगनीज सल्फेट दोन मिलिलिटर, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड दोन मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून बाटली उलटीसुलटी करा आणि साका बघा. तपकिरी साका म्हणजे प्राणवायू आहे. पांढराफटक राहिला तर पुढचं टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण घालून मोजणं) करायचीही गरज नाही, पाणी मेलेलं आहे. तपकिरी असेल तर साका खाली बसू द्या, दोन मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला (हातमोजे, चष्मा, आणि पोरंसोरं लांब). त्यातलं २०३ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने, शेवटी स्टार्च टाकून, निळा रंग जाईपर्यंत टायट्रेट करा. जितके मिलिलिटर थायो लागेल, तितके लिटरमागे मिलिग्रॅम. आंघोळीच्या पाण्याला किमान ५ हवेत.

अशीच भरलेली, पण रसायनं न घातलेली दुसरी बाटली अंधारात २७ अंशांवर तीन दिवस ठेवा आणि मग तपासा. जो फरक येईल तो बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंनी वापरलेला प्राणवायू. ३ च्या आत असावा. गटाराचं पाणी असेल तर तीन दिवसांत सगळाच प्राणवायू संपतो, म्हणून ते आधी पातळ करावं लागतं.

रसायनं नसतील तर दगड उलटा. खालच्या बाजूला तीन शेपट्यांच्या, पोटाच्या कडेला कल्ले फडफडवणाऱ्या अळ्या किंवा वाळूच्या कणांची नळी करून राहणारे किडे मिळाले, तर पाणी बरं आहे. नुसत्या लालभडक अळ्याच वळवळत असतील तर समजून जा. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी प्राणवायूतही तग धरतात.

पानवेलींचं सांगायचं तर त्या काढाव्याच, पण काठावर ढीग लावून ठेवू नयेत. कुजून सगळं परत नदीतच उतरतं. आणि वरून सांडपाण्यातला नत्र-स्फुरद येत राहिला तर महिन्याभरात हिरवा गालिचा पुन्हा हजर.

तक्रार करताना ‘नदी घाण आहे’ असं लिहिलं तर ती फायलीत जाते. नासर्डी टाकळीला गोदेत मिळते, तिथे संगमाच्या वर एक आणि खाली एक अशा बाटल्या एकाच सकाळी भरा. तारीख, वेळ, दोन्ही आकडे आणि फोटो जोडा. मग उत्तर द्यावंच लागतं.

टायट्रेशनचं उरलेलं पाणी मात्र घाटावर ओतू नका. बाटलीत भरून जवळच्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन द्या.