वेड्या बाभळीवर चालणारी पिकअप: भट्टीची मापं, गॅसची सफाई आणि टाइमिंग

लाकूड बंद भट्टीत अर्धवट जाळून निघणाऱ्या गॅसवर इंजिन सुरू करणं अवघड नाही. अवघड आहे ते महिनोन्‌महिने चालवणं. भट्टीतून डांबर, म्हणजे लाकडाच्या धुरातला चिकट काळा अंश, आलं की व्हॉल्व्ह चिकटतात आणि हेड उतरवावं लागतं. म्हणून खाली दिलेलं प्रत्येक माप एकाच कामासाठी आहे: डांबर भट्टीतच जाळायचं, इंजिनपर्यंत पोहोचू द्यायचं नाही.

गाडी कोणती घ्यावी

आपल्याकडच्या बहुतेक पिकअप डिझेलच्या. लाकडाचा गॅस डिझेल इंजिनात नुसत्या दाबाने पेटत नाही, ठिणगीच्या जागी थोडं डिझेल चालूच ठेवावं लागतं. पहिल्या प्रयोगाला कार्बोरेटर आणि डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) असलेलं १२०० ते १३०० सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन घ्या. ताकद ३० ते ५० टक्के कमी होईल हे धरूनच चाला. क्षमतेइतका माल भरून घाट चढायची अपेक्षा ठेवू नका.

कायद्याचंही आधीच सांगतो. गाडीचं इंधन बदलणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येणारा बदल आहे. परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद नसेल तर ही गाडी शेतातच फिरवा, रस्त्यावर काढू नका.

घशाचा हिशोब

भट्टीत हवा वरच्या भागातल्या नोझलमधून येते, लाकूड तिथे जळतं आणि धूर खाली एका अरुंद घशातून लाल कोळशावर ओढला जातो. घशाशी तापमान हजार अंशांच्या वर असेल तरच डांबर मोडतं. घसा मोठा झाला की मधला भाग थंड राहतो आणि डांबर तिथून सरळ निसटतं. ‘जरा मोठाच ठेवू, गॅस कमी पडायला नको’ हा विचार इथे सर्वात महागात पडतो.

हिशोब असा. १३०० सीसीचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा ओढतं, म्हणजे ३००० फेऱ्यांवर मिनिटाला १९५० लिटर मिश्रण. सिलिंडर प्रत्यक्षात ८० टक्केच भरतो असं धरलं तर १५६० लिटर. एका भाग गॅसला साधारण १.१ भाग हवा लागते, म्हणजे गॅस मिनिटाला ७४० लिटर, तासाला सुमारे ४४ घनमीटर. घशाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे तासाला जास्तीत जास्त ०.९ घनमीटर धरतात. त्यावरून क्षेत्रफळ ४९ चौरस सेंटिमीटर आणि व्यास ८० मिलिमीटर येतो.

ही मापं जर्मन इम्बर्ट पद्धतीच्या भट्टीची आहेत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईत युरोपात लाखो गाड्या अशाच भट्ट्यांवर धावल्या.

भट्टी बांधताना

आगीची नळी २७० मिलिमीटर व्यासाची. तिच्यात सारख्या अंतरावर ९ मिलिमीटर आतल्या भोकाची ५ नोझल. नोझलच्या तोंडांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास घशाच्या दुपटीच्या आसपास, आणि नोझलच्या पातळीपासून घसा ९५ मिलिमीटर खाली. पाचही भोकं एकाच मापाची हवीत. एक जरी मोठं झालं तरी त्या बाजूला जास्त जळतं आणि समोरची बाजू थंड राहून डांबर सोडते.

घशाची कडी साध्या पत्र्याची केली तर लवकर वाकते. ८ ते १० मिलिमीटर जाड प्लेट घ्या आणि ती वेल्डिंगने पक्की न करता बसती ठेवा. तापून फुगायला जागा मिळाली की तडा जात नाही, आणि पुढे माप बदलायचं झालं तर नुसती कडी बदलता येते. घशाखाली १५० ते २०० मिलिमीटरवर हलणारी जाळी, तिचा दांडा बाहेर काढलेला. बाहेरचं कवच ३ मिलिमीटर पत्र्याचं. वर ३८० मिलिमीटर व्यासाचा, ८०० मिलिमीटर उंच हॉपर, म्हणजे लाकूड भरायचा डबा, केला की २० ते २५ किलो लाकूड मावतं. झाकणाला स्प्रिंग लावाच, आत भडका उडाला तर ते उचललं जाऊन दाब मोकळा होतो. रिकाम्या एलपीजी सिलिंडरपासून भट्टी करण्याचा नाद करू नका. सिलिंडर कापणं बेकायदेशीर आहे आणि जिवावर बेतणारंही.

झाकण आणि राखेचं दार यांना काचतंतूची दोरी लावा. घशाच्या खालच्या बाजूला हवा शिरली तर तयार गॅस पाइपातच जळतो. पाइपाचा एक ठिपका लाल दिसतो आणि इंजिन मरगळतं. जोडणी झाल्यावर सगळी तोंडं बंद करून ब्लोअरने आत हवा भरा आणि प्रत्येक वेल्डवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा.

राख, उष्णता, पाणी

भट्टीतून निघालेला गॅस आधी सायक्लोनमध्ये, म्हणजे गॅस गोल फिरवून राख खाली पाडणाऱ्या नळकांड्यात, न्या. या प्रवाहाला १२० मिलिमीटर व्यास पुरतो: आत येणारं तोंड ६० बाय ३०, सरळ भाग २४०, निमुळता भाग २४०, वरची नळी ६०. खाली राखेचा घट्ट झाकणाचा डबा. पुढे कूलर. ५० मिलिमीटरचे उभे पाइप गाडीच्या पुढच्या किंवा बाजूच्या वाऱ्यात लावा आणि तळाशी पाण्यासाठी टाकी व कॉक ठेवा. गॅस थंड झाला की त्याचं आकारमान घटतं आणि सिलिंडरमध्ये जास्त गॅस भरतो. मे महिन्यातल्या ४२ अंशांत कूलर छोटा पडतो, तो आधीच दीडपट करा. शेवटी फिल्टरचा डबा: काथ्या, त्यावर जाड कापड.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नळी यू आकारात जोडून तिच्यात पाणी भरा. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक किती सेंटिमीटर आहे हे रोज बघायचं. नव्या फिल्टरच्या आकड्याची दुप्पट झाली की साफसफाई.

लाकूड

वेडी बाभूळ सर्वात सोपी. ती जड असते, कोळसा घट्ट देते आणि बांधाबांधावर मिळते. ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करून एप्रिल-मेच्या उन्हात वाळवा आणि पावसाळ्याआधी पत्र्याखाली भरून ठेवा. ओल २० टक्क्यांच्या आत हवी, १५ असेल तर उत्तम. १ किलो तुकडे १०० ते १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. ८५० ग्रॅम उरले तर ओल १५ टक्के.

पऱ्हाट्या आणि तुराट्या मोफत मिळतात म्हणून मोह होतो. पण त्या हलक्या असतात, हॉपरमध्ये अडकून पोकळी करतात आणि मुळाला चिकटलेली काळी माती भट्टीत वितळून ढेकळं बनते. मुळं छाटून, बारीक तुकडे करून बाभळीत थोड्या मिसळा, नुसत्या भरू नका. १ लिटर पेट्रोलच्या जागी अडीच ते तीन किलो कोरडं लाकूड जातं.

पेटवणं आणि जुळवणं

१. जाळीपासून नोझलच्या वर ५ सेंटिमीटरपर्यंत २ सेंटिमीटरचा लाकडी कोळसा भरा, त्यावर लाकूड.

२. १२ व्होल्टचा ब्लोअर लावून गॅस बाहेरच्या नळीतून ओढा आणि नोझलमधून पेटता बोळा दाखवा. आधी दाट पांढरा धूर येतो. तो पातळ झाला की नळीच्या तोंडाशी काडी लावा. ज्योत न विझता टिकली की गॅस तयार.

३. नळीपुढे पांढरं कापड एक मिनिट धरा. त्यावर कोरडी काळी भुकटी बसली तर चालेल. चिकट तपकिरी डाग पडला तर इंजिनला जोडू नका. लाकडाची ओल, घशाचं माप आणि नोझल तपासा.

४. इंजिन पेट्रोलवर गरम करा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी रिकामी होत आली की गॅसचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. हवेचा व्हॉल्व्ह वेगळा, केबिनमधून हाताने हलणारा असावा. भट्टीची तब्येत बदलते तसं मिश्रण बदलतं आणि चालवणाऱ्याला ते सतत जुळवावं लागतं. इंजिन सर्वात जोरात ओढतं त्या जागेहून हवा किंचित वाढवून ठेवा.

५. हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून टाइमिंग पुढे घ्या, म्हणजे ठिणगी लवकर पाडा. मूळ खुणेपासून डेल्को ३-३ अंशांनी पुढे फिरवा आणि प्रत्येक वेळी भार देऊन बघा. बहुतेकदा १० ते १५ अंशांवर ताकद सर्वात चांगली लागते. त्याच टाइमिंगवर पेट्रोल चालवलं तर इंजिन ठोकतं, त्यामुळे पेट्रोलचा वापर फक्त सुरू करण्यापुरता.

गाडी रिकामी धुमसत उभी ठेवू नका. ८० मिलिमीटरच्या घशातून तासाला निदान ५ घनमीटर गॅस ओढला गेला पाहिजे आणि आयडलवर तेवढा जात नाही. घसा थंडावतो आणि डांबर सुरू होतं. दहा मिनिटं थांबायचं असेल तर इंजिन बंद करा.

जीव सांभाळायचा

या गॅसचा सुमारे पाचवा भाग कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, गरगरणं ही पहिली लक्षणं. ती दिसताच माणसाला उघड्यावर न्या आणि दवाखाना गाठा. भट्टी विझल्यावरही तासन्‌तास गॅस सुटतो, म्हणून गाडी आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावू नका, उघड्यावर ठेवा. हॉपर उघडताना इंजिन आणि ब्लोअर बंद, तोंड बाजूला, आणि झाकण आधी एका बोटाइतकं उचलून क्षणभर थांबा.

रोजची देखभाल

राखेचा डबा रोज, सायक्लोनचा डबा आणि कूलरचं पाणीही रोज. हे पाणी विहिरीत किंवा नाल्यात सोडू नका, त्यात फिनॉल ही विषारी रसायनं असतात. मधूनमधून जाळीचा दांडा दोन-तीनदा हलवा. जास्त हलवलं तर चांगला कोळसाच खाली पडतो. इंजिनचं तेल पेट्रोलवर चालवताना बदलता त्याच्या निम्म्या अंतरावर बदला. सकाळी स्टार्टर मारल्यावर इंजिन जड वाटलं तर पुन्हा पुन्हा स्टार्टर देऊ नका. रात्रीत थंड झालेल्या डांबराने व्हॉल्व्ह धरलेला असतो आणि जोर लावला की पुशरॉड वाकतो. टॅपेट कव्हर काढा, कोणता व्हॉल्व्ह अडकलाय ते बघा आणि बुडाशी थोडं पातळ तेल सोडून तो हाताने मोकळा करा.