सेंसर बदलायच्या आधी जरा थांबा, या चुका टाळा

कुपवाड, मिरज, पलूस, नाहीतर साताऱ्याची एमआयडीसी, कुठल्याही कंपनीच्या मेंटेनन्स रूममध्ये जाऊन बघा, काढून ठेवलेले सेंसर एका डब्यात पडलेले असतात. त्यातले कितीतरी चांगले असतात हो! रीडिंग चुकलं की पहिला संशय सेंसरवर, नवीन मागवला, बसवला, तरी रीडिंग तेच, मग म्हणायचं नवीन पण डुप्लिकेट आलाय. नव्यानं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आलेल्या आयटीआय-डिप्लोमाच्या पोरांसाठी हे लिहितोय, कारण ह्यात पैसा जातोच पण हंगामात तासभर प्लांट थांबला तर ते जास्त लागतं.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. स्क्रीनवर दिसतो तो आकडा सेंसर देत नाही. थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमानाचा सेंसर) देतं मिलीव्होल्ट, पीटी १०० (प्लॅटिनमचा तापमानाचा सेंसर) देतो ओहम, ट्रान्समीटर (दाब, लेव्हल असलं माप करंटमध्ये पाठवणारा) देतो मिलीअँप. तिथून पुढं केबल, जंक्शन बॉक्स, पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) कार्ड, स्केलिंग (सिग्नलचं आकड्यात रूपांतर), आणि मग आकडा. म्हणून मीटर घेऊन आधी सेंसरपाशी जायचं, पॅनलपाशी नाही.

थर्मोकपलला साधी वायर

ही चूक सगळीकडं सापडते. के टाईप थर्मोकपलची केबल कमी पडली की स्टोअरमधली कॉपर वायर जोडून मोकळे. थर्मोकपल एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं आणि ते दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाचं असतं, म्हणून पॅनलमधलं कार्ड स्वतःजवळचं तापमान मोजून त्यात मिळवतं. आता बॉयलरवरचं थर्मोकपलचं हेड (वायरी जोडायची डबी) ६० अंशाला तापलंय, पॅनल ३० अंशाला आहे आणि मधे कॉपर आहे, तर मधले ३० अंश हिशोबातून गायब, रीडिंग तेवढं कमी येणार. दुपारी वेगळं, पहाटे वेगळं, आणि आपण म्हणतो थर्मोकपल हलतंय. के टाईपची कॉम्पेन्सेटिंग किंवा एक्स्टेन्शन केबलच लावायची, आणि टर्मिनल पण त्याच मेटलचं मिळालं तर उत्तम.

दुसरं म्हणजे लाल वायर प्लस धरायची सवय. अमेरिकन कलर कोडमध्ये के टाईपची पिवळी प्लस आणि लाल मायनस असते, आयईसी या आंतरराष्ट्रीय कोडमध्ये हिरवी प्लस आणि पांढरी मायनस. एका टोकाला उलटं झालं तर तापमान वाढेल तसं रीडिंग खाली जातं, ते लगेच कळतं. खरा त्रास एक्स्टेन्शन केबल दोन्ही टोकांना उलटी झाली की होतो, कारण रीडिंग वाढतं-कमी होतं बरोबर पण वरच्या उदाहरणात ६० अंशांनी कमी दाखवतं आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. शंका आली तर खिशात छोटं मॅग्नेट ठेवा. के टाईपची मायनस वायर अल्युमेलची असते, तिला मॅग्नेट चिकटतं, प्लसला चिकटत नाही.

पीटी १०० आणि तिसरी वायर

शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५ ओहम, म्हणजे अंशाला साधारण ०.३८५ ओहम. एवढ्याशा बदलावर सगळा खेळ आहे. आता तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रूमपासून पॅनलपर्यंत ३० मीटर अंतर, अर्धा स्क्वेअर एमएमची दोन कोर केबल टाकली, तर जाऊन-येऊन केबलचाच रेझिस्टन्स २ ओहमच्या पुढं जातो, म्हणजे साडेपाच अंश जास्त दाखवणार. रूम थंड झालेली असते आणि कंट्रोलरला वाटतं अजून गरम आहे, कॉम्प्रेसर चालूच, लाईट बिल बघून मालक हैराण आणि मालाचं नुकसान वेगळंच. तिसरी वायर यासाठीच असते. काहीजण पॅनलमध्ये दोन टर्मिनल लिंक मारून थ्री वायर केलं म्हणतात, त्यानं काही उपयोग होत नाही, तिन्ही वायर सेंसरच्या हेडपासूनच यायला पाहिजेत.

तपासायला मीटर ओहमवर ठेवा. सारख्या रंगाच्या दोन वायरींमध्ये जवळजवळ शून्य, त्यातल्या कुठलीही एक आणि वेगळ्या रंगाची यांच्यात सध्याच्या हवेत ११० च्या आसपास. एवढं आलं तर सेंसर नका काढू.

रिकामी टाकी २० टक्के का दाखवते

कारण कार्ड ०-२० मिलीअँपवर सेट आहे आणि ट्रान्समीटर ४-२० चा आहे. बाकी काही नाही. रिकाम्या टाकीला ४ मिलीअँप येतात, कार्ड त्याला २० टक्के समजतं. टाकी भरत गेली की फरक कमी होत जातो म्हणून ऑपरेटर म्हणतो वरती बरोबर आहे खाली चुकतंय, आणि मग ट्रान्समीटरचा झीरो ओढायला सुरुवात होते, आणि एकाचे दोन बिघाड होतात. हिशोब सोपा आहे, आलेल्या मिलीअँपमधून ४ वजा करा, १६ नं भागा आणि रेंजनं गुणा. ०-१० बारच्या ट्रान्समीटरला ६.४ मिलीअँप आले तर १.५ बार. शून्य मिलीअँप म्हणजे बहुतेक वायर तुटली किंवा सप्लाय गेला. आणि ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर अडकलं असेल तर बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये तो स्वतःच फॉल्ट सांगत असतो. मिलीअँप मोजताना मीटर सिरीजमध्ये लावा, चोवीस व्होल्टच्या दोन टोकांना लावलात तर मीटरचा फ्यूज जाणार.

वजनकाट्यावर विशेष लक्ष द्या

इथं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं काटा म्हटलं की शेतकऱ्याचा वर्षभराचा घाम. ऊस बैलगाडीनं येऊ दे नाहीतर ट्रॅक्टरनं, काट्यावर विश्वास राहिला पाहिजे.

लोडसेलमध्ये (काट्याखालच्या वजनाच्या सेंसरमध्ये) स्ट्रेन गेजचा (ताण आला की रेझिस्टन्स बदलणाऱ्या पट्ट्यांचा) ब्रिज असतो. २ मिलीव्होल्ट पर व्होल्टचा सेल, १० व्होल्ट एक्सायटेशन (सेलला दिलेला सप्लाय), म्हणजे फुल लोडला फक्त २० मिलीव्होल्ट. एका ३० टनी सेलपुरतं बोलायचं तर १० किलोला ७ मायक्रोव्होल्टसुद्धा येत नाहीत. आता सांगा, जंक्शन बॉक्समध्ये दमट हवा शिरली, ग्लँड ढिला राहिला, उंदरानं केबल कुरतडली, तर रीडिंग हलणार नाही तर काय? कृष्णेचं पाणी २०१९ ला सांगलीत कुठपर्यंत आलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, पण पूर लागतोच असं नाही, साध्या पावसाळ्यात पिटमध्ये पाणी साचलं तरी पुरे. प्लॅटफॉर्मच्या फटीत चिखल आणि खडा अडकला तर काही वजन बाजूच्या भिंतीवर जातं आणि काटा कमी दाखवतो, तेव्हा इंडिकेटर उघडायच्या आधी वाकून फटी बघा.

आणि काट्यावर वेल्डिंग करताना अर्थिंगचा क्लँप वेल्डच्या अगदी जवळ लावा. लांब लावलात तर करंट लोडसेलमधून रस्ता काढतो आणि सेल कायमचा जातो. शक्य असेल तर सेल काढूनच ठेवा. तपासताना सेल सुटा करून एक्सायटेशनच्या दोन वायरींत ३५० ते ४५० ओहमच्या दरम्यान आणि सिग्नलच्या दोन वायरींत ३५० च्या आसपास यायला पाहिजे (३५० ओहमच्या सेलचं सांगतोय, ७०० चे पण असतात). सेल जोडलेला असताना केबलला मेगर (जास्त व्होल्टेजनं इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारू नका. आणि कॅलिब्रेशन म्हणाल तर काट्याचं सील आपण तोडायचं नसतं, ते काम वैधमापन शास्त्र विभागाच्या पडताळणीसह परवानाधारक माणसाचं.

थोडक्यात बाकीचं

साखर कारखान्यात पॅनचं (रस आटवून साखर करायच्या भांड्याचं) व्हॅक्यूम ७६० मिलिमीटर का येत नाही म्हणून गेज बदलणारे असतात. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर आहे, इथं हवेचाच दाब पाऱ्याच्या ७१२ मिलिमीटरच्या आसपास, त्याच्यापुढं गेज जाणार कुठून! ॲबसोल्यूट (पूर्ण निर्वातापासून मोजणारा) आणि गेज (बाहेरच्या हवेच्या दाबापासून मोजणारा) ट्रान्समीटर एकमेकांच्या जागी लावू नका.

इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटीवर (धातू जवळ आला की सिग्नल देणाऱ्या सेंसरवर) लिहिलेलं ५ मिलिमीटर अंतर हे माईल्ड स्टीलसाठी असतं. ॲल्युमिनियमचा जॉब आला की ते २ च्या आसपास येतं, मग सेंसर पकडत नाही म्हणून बोंब. एनपीएन-पीएनपी (आउटपुट मायनस देतो की प्लस) पण ऑर्डर देतानाच बघा, सेंसरचा एलईडी लागतो पण पीएलसीला इनपुट येत नाही तिथं बहुतेक हेच निघतं.

रसाच्या टाकीवर फेस असेल तर अल्ट्रासोनिक लेव्हल नको, फेस आवाज गिळतो. स्टीम लाईनवर प्रेशर ट्रान्समीटरच्या आधी सायफन (पाणी साठवून गरम वाफ अडवणारी वळवलेली नळी) पाहिजेच, आणि तो चालू करायच्या आधी पाण्यानं भरा.

ऑफ सीझनला पीएच इलेक्ट्रोड काढून नुसते कपाटात ठेवतात, नाहीतर डीएम वॉटरमध्ये (क्षार काढलेल्या पाण्यात) बुडवून. दोन्हीनं ते खराब होतं. ३ मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये ठेवा. हंगाम चालू करताना ७ पीएचच्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) शून्य मिलीव्होल्टच्या जवळ आणि ४ च्या बफरमध्ये १७७ च्या जवळ येतंय का बघा, दोन्हीमध्ये सारखंच रीडिंग आलं तर काच फुटलीय, तेव्हा मात्र खुशाल नवीन मागवा.