गर्भाच्या हृदयाचं काम तपासताना या चुका टाळा

सोनोग्राफीत फोर चेंबर व्ह्यू, म्हणजे हृदयाचे चारही कप्पे दाखवणारा छेद, छान आला, ठोके मिनिटाला 110 ते 160 मध्ये बसले, की 'हृदय नॉर्मल' लिहून मोकळं व्हायचं, ही सवय धोक्याची आहे. यातून रचना आणि गती कळते. हृदय ताण कसा सोसतंय ते कळत नाही. वाढ खुंटलेलं बाळ, आईचा मधुमेह, बाळाचा ॲनिमिया, एकाच वारेवरच्या जुळ्यांमधलं ट्रान्सफ्यूजन (एकाचं रक्त दुसऱ्याकडे जाणं), अशा वेळी रचना बहुधा निर्दोष असते आणि बिघाड कामात सापडतो.

सगळ्यात जास्त गडबड टेई इंडेक्समध्ये, म्हणजे हृदयाचं एकूण काम एका आकड्यात सांगणाऱ्या मापात, होते. झडपा बंद असतानाचे दोन छोटे काळ मिळवायचे आणि रक्त बाहेर फेकण्याच्या काळाने भागायचं, एवढंच गणित. पण काळ मिलिसेकंदांतले. समजा ते 30, 40 आणि 170 आहेत, उत्तर 0.41. आता डॉपलरच्या (रक्तप्रवाहाचा वेग दाखवणाऱ्या) आलेखात, म्हणजे ट्रेसमध्ये, एऑर्टिक झडप उघडताना उमटणाऱ्या रेघेवरचा, म्हणजे क्लिकवरचा, कॅलिपर (मोजणीची खूण) फक्त 5 मिलिसेकंद पुढे सरकला, तर पहिला काळ 35 होतो, शेवटचा 165, आणि उत्तर 0.45. बाळात काहीही बदललेलं नाही! म्हणून स्वीप स्पीड (ट्रेस सरकण्याचा वेग) वाढवा, गेन (सिग्नलची तीव्रता) कमी करा, क्लिक ठळक दिसू द्या. कॅलिपर क्लिकच्या सुरुवातीला ठेवायचा की टोकावर, हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका. ज्या तक्त्याशी तुलना करणार, त्याचीही पद्धत तीच हवी. बाळ हलत असेल किंवा श्वासाच्या हालचाली करत असेल, तर थांबा. घाईत घेतलेल्या ट्रेसपेक्षा न घेतलेला बरा.

मोठ्यांचा एको करणारे हमखास फसतात ते ई आणि ए वेव्हमध्ये, म्हणजे हृदय भरताना आधी आपोआप येणाऱ्या आणि नंतर वरच्या कप्प्याच्या आकुंचनाने येणाऱ्या रक्ताच्या लहरींमध्ये. गर्भात ए वेव्ह उंच असणं हेच स्वाभाविक आहे, त्याला डायस्टोलिक (हृदय भरण्यातला) बिघाड म्हणू नका.

डक्टस व्हेनोससमध्ये, म्हणजे नाळेतलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या बारीक शिरेत, गेट (डॉपलर जिथला प्रवाह मोजतं तो भाग) मोठा ठेवला, की शेजारच्या शिरांचा प्रवाह मिसळतो आणि तिथली ए वेव्ह (वरचा कप्पा आकुंचन पावतानाची लहर) उलटी दिसू शकते. वॉल फिल्टर (कमी वेगाचे सिग्नल गाळणारी सेटिंग) जास्त असेल तर बारीक ए वेव्ह बेसलाइनजवळ (शून्य रेषेजवळ) पुसली जाते, मग ती नाहीच असं वाटतं. या एका लहरीवर मोठे निर्णय अवलंबून असतात. सेटिंग तपासून पुन्हा बघितल्याशिवाय 'उलटी' हा शब्द लिहू नये.

हृदय मोठं वाटलं तर आधी छेद पाहा. दोन्ही बाजूंना एकेकच बरगडी सलग दिसायला हवी. अनेक तुकडे दिसले तर छेद तिरका आहे. छेद बरोबर असेल तर छातीच लहान नाही ना, हेही बघा.

पहिल्या तिमाहीत कारणाशिवाय पल्स डॉपलर (एका ठरावीक जागेचा प्रवाह मोजणारं डॉपलर) लावू नका. लावावाच लागला तर थर्मल इंडेक्स (ऊती किती तापू शकतात याचा अंदाज देणारा पडद्यावरचा आकडा) 1 च्या वर जाऊ देऊ नका.

रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी गर्भाचं वय आणि त्या वयाची मर्यादा लिहा. बाळाच्या स्थितीमुळे जे मोजता आलं नाही तेही लिहा, आणि आईला पुन्हा कधी यायचं ते सांगा.