देवाचे उपकार नेमके आठवून मानावेत

प्रार्थनेला बसल्यावर अनेकांच्या तोंडी पहिले वाक्य ठरलेले असते: ‘हे प्रभू, तुझ्या सर्व आशीर्वादांबद्दल मी तुझे आभार मानतो.’ वाक्यात खोटे काहीच नाही. परंतु लगेच मागण्या सुरू होतात, आणि देवाने नेमके काय केले हे त्याच्यासमोर उच्चारायचे राहूनच जाते. बायबलमधील १०३ व्या स्तोत्रात दावीद राजा आपल्या जिवाला परमेश्वराचे उपकार विसरू नकोस असे बजावतो आणि तेवढ्यावर न थांबता ते सांगू लागतो: त्याने अपराधांची क्षमा केली, रोग बरे केले, गर्तेतून जीव सोडवला. वैयक्तिक उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानणाऱ्या प्रार्थनेची, रीत याहून निराळी नाही.

यासाठी बोलण्यापूर्वी थोडा वेळ शांत बसावे आणि सरलेला दिवस सकाळपासून क्रमाने आठवावा. मोठी घटना शोधत बसू नये, कारण मोठ्या घटनेची वाट पाहणाऱ्याचे बहुतेक दिवस आभाराविना जातात. जे आठवेल ते साध्या शब्दांत देवाला सांगावे, उदाहरणार्थ, ‘प्रभू, आज दुपारी त्यांचे बोलणे मला फार लागले, उलट उत्तर अगदी ओठांवर आले होते, पण तू मला आवरलेस, म्हणून मी तुझे उपकार मानतो.’ एवढ्या एका वाक्यात घडलेली गोष्ट आहे, देवाची कृती आहे आणि आभार आहेत. अशी दोन-तीन वाक्ये मनापासून निघाली, तर लांबलचक प्रार्थनेची गरज उरत नाही. ज्यांना आठवण राहत नाही त्यांनी एक वही ठेवावी, तीत आपली विनंती तारखेसह लिहावी आणि उत्तर मिळाले की तिच्यासमोर त्याची नोंद करावी. मन कोरडे पडलेल्या दिवशी ही वही फार उपयोगी पडते.

आभार मानायला उशीर मात्र करू नये. लूककृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून येशूकडे दयेची याचना करतात. तो त्यांना याजकांकडे जायला सांगतो आणि वाटेतच ते शुद्ध होतात. त्यांतला एक जण, तोही यहूदी लोक परका मानत अशा शोमरोनी समाजातला, आपण बरे झालो हे पाहून मोठ्याने देवाचे गौरव करीत माघारी येतो आणि येशूच्या पायांशी उपडा पडतो. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशूने विचारले, तो प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो, कारण दया मागताना आवाज चढवणाऱ्यांत ते नऊही होतेच. म्हणून एखादी विनंती मान्य झाली की त्या दिवशी निदान एक प्रार्थना अशी करावी, जिच्यात नवे मागणे एकही नसेल. मोशेच्या नियमशास्त्रातही उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस त्याच दिवशी खावे, सकाळपर्यंत काही ठेवू नये, असे सांगितले आहे.

दुःखाच्या काळी काय करावे, हा खरा कठीण प्रश्न आहे. तेव्हा ओढूनताणून आनंद दाखवण्याची गरज नाही. १३ वे स्तोत्र ‘कोठवर?’ या आक्रोशानेच सुरू होते आणि सहाव्या वचनाला पोहोचेपर्यंत परमेश्वराच्या उपकारांचे गीत होते. आधी वेदना जशी आहे तशी सांगावी आणि मग जे हिरावले गेलेले नाही त्याबद्दल आभार मानावेत: ख्रिस्तामध्ये मिळालेले तारण, ऐकणारा पिता, सोबत बसून राहिलेले एखादे माणूस. हबक्कूक संदेष्टा अंजीर फुलला नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत तरी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन म्हणतो, परंतु ते तो स्वतःविषयी म्हणतो. शोकात बुडालेल्या दुसऱ्या कोणाला ‘आभार मान’ असा उपदेश करणे निर्दयपणाचे आहे.

आणखी एक धोका आहे. येशूच्या दृष्टांतातल्या, मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परूश्यानेही (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसानेही) देवाचे आभारच मानले होते, पण आपण इतर माणसांसारखे नाही याबद्दल. आपल्या उपकारस्तुतीत दुसऱ्याशी तुलना डोकावू लागली, तर तेथेच थांबावे आणि आपल्याला मिळालेल्या क्षमेपासून पुन्हा सुरुवात करावी.

मंडळीच्या उपासनेत शब्द सर्वांचे असतात, पण त्यांत आपले मन आपणच घालायचे असते. १३६ व्या स्तोत्राच्या २६ ही वचनांत परमेश्वराची दया सनातन असल्याची ग्वाही पुन्हा पुन्हा येते. ते वाचले जात असताना प्रत्येक ग्वाहीबरोबर स्वतःच्या आयुष्यातला एकेक प्रसंग मनात आणून पाहावा. येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीत, म्हणजे प्रभुभोजनाच्या वेळी, धरून दिले जाण्याच्या रात्रीही येशूने भाकर हाती घेऊन उपकारस्तुती केली हे आठवावे, आणि भाकर घेण्यापूर्वी क्षमा मिळालेल्या एखाद्या पापाचे नाव घेऊन मनातल्या मनात आभार मानावेत. देवाने आपल्यासाठी काय केले याची साक्ष मंडळीपुढे द्यायची असल्यास ती थोडक्यात द्यावी, आपल्या संकटाच्या वर्णनापेक्षा देवाने काय केले याला अधिक वेळ द्यावा आणि दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी उघड करू नयेत.

अर्पण मात्र आपण बहुधा मुकाट्याने देतो. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात प्रथमफळांची, म्हणजे हंगामातल्या पहिल्या पिकाची, टोपली आणणारा उपासक आपल्या पूर्वजांचे भटकणे, मिसर देशातील दास्य आणि परमेश्वराने केलेली सुटका हे सारे मोठ्याने सांगतो, आणि नंतर लेवी (उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातले लोक) व परदेशी यांच्यासह आनंद करतो. आपणही हातातले अर्पण देण्यापूर्वी ते कोणत्या उपकारासाठी आहे हे एका वाक्यात देवाला सांगावे आणि त्या आनंदाचा काही वाटा, गाजावाजा न करता, एखाद्या गरजू माणसापर्यंत पोहोचवावा.