दीडशे रुपयांचं अ‍ॅप: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

लालबागला आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू डबे देतात. सकाळी चाळीस, संध्याकाळी पंचवीसेक. त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर, तेलाच्या बरणीशेजारी एक लांबट वही असायची. डावीकडे नावं, वर तारखा, चौकटीत बरोबरची खूण आणि डबा नको असेल त्या दिवशी ‘खा’. खा म्हणजे खाडा. महिना संपला की काकू रात्री भांडी आवरून वही घेऊन बसायच्या, एकेकाचे खाडे मोजायच्या, जादा पोळ्यांचे पैसे मिळवायच्या. दोन रात्री त्यातच जायच्या. त्यात एखादी खूण पिठाच्या बोटाने पुसलेली असायची आणि मग ‘काकू, त्या गुरुवारी मी नको म्हणून सांगितलं होतं’ यावरून घासाघीस.

माझं पहिलं विकलं गेलेलं, डब्यांचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप या वहीतून निघालं.

मी अंधेरीला एका कंपनीत नोकरी करते आणि अ‍ॅपचं काम रात्री आणि रविवारी. ओळखीतली कॉलेजची मुलं हल्ली सारखी विचारतात, ‘ताई, छोटं अ‍ॅप काढून खरंच पैसे मिळतात का? किंमत किती ठेवायची?’ प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं, म्हणून हे. अ‍ॅपमध्ये किती सोयी आहेत ते मोजून कुणी पैसे देत नाही. रोज टोचणारी एखादी गोष्ट टोचायची थांबली की माणूस खिशात हात घालतो, आणि तेही ती थांबल्याचं स्वतः अनुभवल्यावर. किंमत ठरवताना मला जे काही कळलं ते सगळं या एका गोष्टीतून.

सुरुवातीला मी अ‍ॅपमध्ये बरंच काही भरलं होतं. मोबाइल नंबर टाकून लॉगिन, महिन्याच्या कमाईचा आलेख, चार रंगांच्या थीम. ते घेऊन काकूंकडे गेले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, कणीक मळून झालेली, डबे भरायची घाई. तेवढ्यात एकाचा फोन आला, आज डबा नको. मी म्हटलं, ‘काकू, आता यात टाका बघू.’ बोटांना कणीक होती, म्हणून काकूंनी करंगळीच्या पेराने स्क्रीन दाबली. बटण छोटं, पेर जाड. दुसऱ्याच माणसाचं नाव उघडलं. परत मागे, परत पुढे. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि वहीत ‘खा’ लिहिलं. एवढं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. त्या अर्ध्या मिनिटाने मला जे शिकवलं ते कुठल्या कोर्सने शिकवलं नव्हतं.

पुढचे तीन रविवार मी फक्त काढून टाकण्याचं काम केलं. लॉगिन गेलं, आलेख गेला, थीम गेल्या. उरली एकच स्क्रीन: नावांची यादी, प्रत्येक नावाची पट्टी चांगली बोटभर उंच. दाबलं की खाडा, दाबून धरलं की जादा पोळी. वहीत काकू रोज प्रत्येकासमोर खूण करायच्या. अ‍ॅपमध्ये डबा गेला असं आधीच धरलेलं असतं, फक्त वेगळं घडलं तेवढंच नोंदवायचं. महिनाअखेर प्रत्येकाचा हिशेब तयार, तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं एक बटण. शब्दही बदलले. मी ‘अनुपस्थिती’ आणि ‘अतिरिक्त’ लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, ‘अगं, इथे सरळ खाडा लिही की.’ मग खाडा, जादा, जमा, बाकी. आकडेही मराठीत, कारण त्यांची सगळी वही मराठी आकड्यांत होती. तुमचं अ‍ॅप ज्यांच्यासाठी आहे त्यांची वही, डायरी, पावतीपुस्तक जे काही असेल ते आधी हातात घेऊन बघा. त्यातले शब्द जसेच्या तसे उचला.

साध्या अ‍ॅपची ओढ कशात असते हे मुंबईकराला समजावून सांगायची तशी गरज नाही. लोकलचं वेळापत्रक दाखवणारं एम-इंडिकेटर आठवा. उघडायचं, स्टेशन निवडायचं, गाडी बघायची. वेळापत्रक फोनमध्येच असल्यामुळे गर्दीत नेट गेलं तरी अडत नाही. आधी नाव-गाव विचारत बसणारं अ‍ॅप जिन्यावरून धावताना कोण उघडेल? लोकांच्या फोनमध्ये जागा कमी असते, फोटो आणि फॉरवर्डनी भरलेली असते, त्यामुळे चार-पाच एमबीचं अ‍ॅप टिकतं आणि ऐंशी एमबीचं पहिल्या साफसफाईत उडतं. आणखी एक गोष्ट म्हणजे परमिशन, फोनमधलं काय काय बघू द्यायचं त्याची परवानगी. साधं अ‍ॅप कमी मागतं, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. २०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी तिथली सरकारी संस्था) एका टॉर्चच्या अ‍ॅपवर कारवाई केली होती, कारण उजेड पाडण्यापलीकडे काही काम नसलेलं ते अ‍ॅप लोकांचं लोकेशन जाहिरातवाल्यांकडे पोचवत होतं. माझं अ‍ॅप कॉन्टॅक्टही मागत नाही. नावं हाताने टाकायला पाच मिनिटं जास्त लागतात, पण नंतर पैसे मागताना ती पाच मिनिटं कामी येतात.

आता किंमत. थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण आजच्या सवयी तिथून आल्या. अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ ला सुरू झालं, तेव्हा त्यात जेमतेम पाचशे अ‍ॅप होती आणि विक्रीतले ७० टक्के बनवणाऱ्याला, ३० टक्के अ‍ॅपलला अशी वाटणी होती. विकतच्या अ‍ॅपची सगळ्यात कमी किंमत ९९ सेंट. आयट्यून्स या अ‍ॅपलच्याच गाण्यांच्या दुकानात २००३ पासून एक गाणं याच भावाने मिळत होतं, त्यामुळे तो आकडा लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. डिसेंबर २००९ मध्ये आलेला अँग्री बर्ड्स हा खेळ याच ९९ सेंटांवर जगभर गेला. आपल्याकडे ती किंमत फार काळ जड होती. एक तर रुपयात ती पन्नासच्या आसपास जायची, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे द्यायची कशी? कार्ड किती जणांकडे होतं? व्हॉट्सअ‍ॅप एके काळी पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर घ्यायचं. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी ते बंद केलं, तेव्हा सांगितलेल्या कारणांत हेही होतं की पुष्कळ लोकांकडे कार्डच नाही. गुगल प्लेने २०१५ मध्ये भारतातली किमान किंमत पन्नास रुपयांवरून दहावर आणली. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि दहा रुपये मोबाइलवरून देणं भाजीवाल्यापाशीही रोजचं झालं. पैसे द्यायची वाट आता मोकळी आहे. आडवी येते ती मनाची तयारी.

आणि इथेच नवी मुलं फसतात. ‘ताई, दहा रुपये ठेवतो, कटिंग चहाच्या किमतीत अ‍ॅप, कोण नाही म्हणेल?’ सगळेच नाही म्हणतात. कटिंग कसा लागतो हे प्यायच्या आधीच माहीत असतं, शिवाय तो टपरीवाला उद्याही तिथेच असणार. तुमचं अ‍ॅप अनोळखी आहे. फुकट आणि दहा रुपये यांच्यातली पायरी ही दहा आणि दीडशेमधल्या पायरीपेक्षा कितीतरी उंच आहे. जो ती चढायला तयार झाला तो दहाला जसा चढतो तसा दीडशेलाही चढतो, जर कामाचं असेल तर.

हिशेब करून दाखवते. प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, म्हणजे दोन हजारांच्या वर. जुलै २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीपर्यंत गुगलचा वाटा १५ टक्के आहे; त्यासाठी प्ले कन्सोलमध्ये (बनवणाऱ्यांसाठीच्या गुगलच्या साइटवर) वेगळी नोंदणी करावी लागते, ती विसरू नका. कराचा भाग बाजूला ठेवला तर दहा रुपयांतले साडेआठ तुमचे. नुसती खात्याची फी सुटायला अडीचशेच्या वर गिऱ्हाइकं लागतील. १४९ ला विसाच्या आत पुरतात. आणि गिऱ्हाईक दहाचं असो की दीडशेचं, मदतीसाठी फोन करणारच. अडीचशे माणसांचे फोन नोकरी सांभाळून घेऊन बघा. (आयफोनसाठी अ‍ॅपल दरवर्षी ९९ डॉलर घेतं. माझी गिऱ्हाइकं सगळी अँड्रॉइडवाली, म्हणून मी तिकडे गेलेच नाही.)

मी स्वतः चुकले ते असं. आधी ९९ रुपये ठेवून अ‍ॅप थेट विकायला लावलं. दोन महिन्यांत चार जणांनी घेतलं, त्यातले तीन नात्यातले. मग ठरवलं, थोडे दिवस फुकट ठेवू, लोक जमले की परत किंमत लावू. प्ले स्टोअरचा नियम असा आहे की अ‍ॅप एकदा फुकट केलं की ते पुन्हा विकतचं करता येत नाही. हे मी बटण दाबल्यावर वाचलं. तुम्ही आधी वाचा. सुटका एकच होती, अ‍ॅप फुकट राहू द्यायचं आणि आतल्या एखाद्या गोष्टीला पैसे लावायचे. नाइलाजाने केलं, पण गाडी त्यानेच रुळावर आली.

बारा मेंबरपर्यंत, म्हणजे डबा घेणाऱ्या बारा जणांपर्यंत, सगळं फुकट. तेरावं नाव टाकताना एकदाच १४९ रुपये. घरच्या घरी पाच-सात डबे देणाऱ्या बाईला काहीच द्यावं लागत नाही. जिचा तेरावा मेंबर आला तिचा धंदा चालायला लागलाय, आणि तोवर तिने एक-दोन महिने हिशेब आयता मिळतो तो पाहिलेला असतो. मागायची वेळ ती. १४९ हा आकडा मी काकूंकडूनच घेतला. त्यांचा डबा ऐंशीचा. मी विचारलं, ‘काकू, किती वाटतं?’ त्या म्हणाल्या, ‘वाद नको म्हणून महिन्याला दोन डबे तर मी असेच सोडून देते. तेवढे घे.’ इतकी चोख किंमत मला एकटीला बसून काढता आली नसती. गिऱ्हाइकाचं आज कुठे आणि किती जातंय ते विचारा, तुमचा आकडा त्याच्या आत ठेवा.

दर महिन्याला पैसे घ्यावेत का, हा प्रश्न हमखास येतो. माझा स्पष्ट नकार आहे, निदान अशा अ‍ॅपसाठी. माझा सर्व्हर नाही, सगळी माहिती गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये राहते, मला महिन्याचा खर्च नाही. मग मी दर महिन्याला कशाचे घेऊ? शिवाय फोन करणाऱ्या दहातल्या आठ जणींचा पहिला प्रश्न असतो, ‘परत परत कापणार नाही ना?’ ‘एकदाच’ हा शब्द मी अ‍ॅपच्या माहितीत पहिल्या ओळीत टाकलाय. तुम्हाला दर महिन्याला खरोखर खर्च येत असेल, हवामानाची किंवा बाजारभावाची ताजी माहिती विकत घ्यावी लागत असेल, तर सबस्क्रिप्शन रास्त आहे.

जाहिरातींबद्दल फार लिहीत नाही. लाखो लोक रोज उघडतात अशा अ‍ॅपला त्या पोसतात. दोन-तीनशे बायका वापरतात अशा अ‍ॅपला त्यातून चहाचेही सुटत नाहीत, आणि करंगळीच्या पेराने दाबणाऱ्या बाईच्या बोटाखाली जाहिरात येणं मला स्वतःला पटत नाही.

सगळ्यात जास्त मनस्ताप टेस्टिंगचा झाला. नोव्हेंबर २०२३ च्या मध्यानंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त टेस्ट, म्हणजे मोजक्या निवडलेल्या लोकांकडून चाचणी, घ्यावी लागते. माझ्या वेळी वीस टेस्टर सलग चौदा दिवस लागायचे. डिसेंबर २०२४ पासून बारा पुरतात. मी मावश्या, मामेभाऊ, चाळीतली मुलं गोळा केली. दहाव्या दिवशी दोघी जणी टेस्टमधून बाहेर पडल्या आणि दिवस पुन्हा मोजायची पाळी आली. बारा हवे असतील तर अठरा जमवा, आणि त्यातले चार-पाच तरी खरोखर ते काम करणारे असू द्या. नात्यातले ‘छान आहे’ म्हणतात. परळच्या एका मेसवाल्या दादांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘अर्धा डबा कुठे टाकायचा?’

एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका ताईंचा फोन गर्दीत गाडीतून पडला. चोवीस तारीख होती. महिन्याचे सगळे खाडे त्या फोनमध्ये. ताई माझ्याशी बोलताना रडत होत्या आणि माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं, कारण माहितीची प्रत काढायची सोय मी ‘नंतर करू’ म्हणून बाजूला ठेवली होती. मी त्यांचे १४९ परत केले, पण त्यांचं नुकसान त्याहून पुष्कळ मोठं होतं. त्या आठवड्यात ऑफिसला सुट्टी टाकून मी ती सोय केली: रोज रात्री एक फाइल गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या गुगल ड्राइव्हवर जाते. अ‍ॅप स्वस्त आहे म्हणून त्यावर विसंबणाऱ्याचा महिना स्वस्त होत नाही. तुमच्या अ‍ॅपमध्ये थीम नसली तरी चालेल, ही सोय पहिल्या दिवसापासून हवी.

आता काकूंचं नवीन सुरू झालंय. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी याच अ‍ॅपमध्ये घ्यायच्या आहेत: चकली किती किलो, कुणाचा आगाऊ किती आला, कुणाच्या अनारशांना साखर कमी. मी म्हटलं, ‘काकू, यात नाही घालणार, खाड्याची पट्टी बारीक होईल. फराळाचं वेगळं छोटं काढते.’ त्यांनी लगेच विचारलं, ‘त्याचे किती घेशील?’ भाव अजून ठरलेला नाही. आधी त्यांच्याकडून गेल्या दिवाळीची वही मागून आणली आहे, आणि सध्या रोज करी रोडहून दादरपर्यंत उभ्याने, पुढे बसायला मिळालं तर अंधेरीपर्यंत, तीच चाळते आहे.