सोलर वॉटर हीटरची नळी बदलण्याआधी तिचं बूड बघा

पाणी कोमट येतंय अशी तक्रार आली, की आधी प्रत्येक काचनळीचं खालचं टोक तपासा. तिथला बेरियम या धातूचा थर आरशासारखा चकचकीत असेल तर नळीतली निर्वात पोकळी शाबूत आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा शिरली, नळी गेली. तो पांढरा डाग, टाकीवरचा सिरियल नंबर आणि तारखेसह बिल यांचे फोटो नळी काढण्याआधीच घ्या. कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत जुनी नळी फेकू नका, नाहीतर वॉरंटीचा दावा हमखास अडतो.

तडकलेली नळी मात्र सहसा वॉरंटीत बसत नाही. भर उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं की काच तडकते. म्हणून टाकी भल्या सकाळीच भरा, किंवा नळ्या ताडपत्रीनं झाका.